पट्ट्याची कुरकुर

यंत्र जोंपर्यंत मुकाट्यानें चालतें तोंपर्यंत त्याकडे कोणी पाहत नाहीं. तें ओरडूं लागलें म्हणजे मात्र त्याला गप्प करण्याची आपणांस घाई होते. ओरडण्याचें कारण शोधणें निराळें आणि ओरडणें बंद करणें निराळें, हा भेद आम्ही आमच्या जुन्या मोटारीपासून शिकलों. त्या शिक्षणाची किंमत मात्र आम्हांस न पडतां आमच्या चार विद्यार्थ्यांस पडली. म्हणून ही हकीकत त्यांच्याच वार्षिकांत लिहीत आहों.

आमची मोटार म्हणजे १९७८ सालची अँबॅसडर. इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवरून घेतलेली ही जात कोलकात्याजवळ उत्तरपारा येथें हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यांत तयार होत असे. २०१४ सालीं ती बंद झाली. आमच्या वडिलांनीं ही गाडी १९८९ सालीं जुनीच विकत घेतली, व त्यांच्या पश्चात ती आमच्याकडे आली. तिच्यांत विजेसाठीं मूळचा डायनामो होता. डायनामोचा दोष असा कीं, इंजिन सावकाश फिरत असतां तो फारशी वीज देत नाहीं; चौकांत गाडी उभी राहिली कीं दिवे मिणमिणूं लागतात. म्हणून दोन वर्षांपूर्वीं एका कारखान्यांत आम्हीं डायनामो काढवून त्या जागीं आल्टर्नेटर बसवून घेतला. आल्टर्नेटर प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करतो व त्याच्या पोटांतील डायोड त्या प्रवाहास एकाच दिशेनें वाहावयास लावतात. इंजिन मंद असतांहि तो बॅटरी भरतो. दिवे लख्ख झाले. पण गाडी किंचाळूं लागली.

सकाळीं गाडी सुरू करतांच चीं-चीं असा आवाज निघे. पावसाळी हवेंत तो अधिकच वाढे. शाळेच्या फाटकापासून तो वर्गापर्यंत ऐकूं जाई, आणि आम्ही वर्गांत पाऊल टाकण्यापूर्वींच पुस्तकें उघडलेलीं असत! आवाज कोठून येतो हें आम्हांस ठाऊक होतें. इंजिनाच्या तोंडाशीं एक रबरी पट्टा असतो. इंजिनाच्या पुलीवरून निघून तो पाण्याचा पंप व पंखा फिरवतो आणि आल्टर्नेटरहि फिरवतो. हा पट्टा खोबणींत आपल्या दोन्ही कुशींनीं धरून राहतो, तळानें नव्हे. पकड सुटते, पुन्हां बसते, पुन्हां सुटते. हें एका क्षणांत शेंकडों वेळां झालें कीं पट्टा थरथरतो व किंचाळतो. फळ्यावर खडू सरळ धरला असतां जी कर्कश रेघ उठते, तिचें कारणहि हेंच.

एके दिवशीं नववीच्या वर्गांतील एक मुलगा गाडीजवळ घुटमळत होता. त्याच्या घरीं पिठाची गिरणी आहे. तो म्हणाला, "सर, आमच्या गिरणीची मोटर जरा सरकली कीं पट्टा अस्साच चिवचिवतो. चाकं एका रेषेंत नसतील." आम्हीं हंसून उत्तर दिलें, "गाडीचं मी बघतो. तूं आपल्या भाषणाचं बघ." पांचगणीस आंतरशालेय वक्तृत्वस्पर्धा होती आणि तो आमच्या शाळेच्या चार स्पर्धकांपैकीं एक होता. मुलगा निमूटपणें निघून गेला.

पुढें आम्हीं काय केलें तें सांगावयास संकोच वाटतो. पहिल्यानें पट्ट्यास साबणाची वडी घांसली. दोन दिवस शांतता लाभली, तिसऱ्या दिवशीं आवाज परत आला. मग पट्टा ढिला असला पाहिजे असें ठरवून आल्टर्नेटरचे बोल्ट सैल केले, टॉमी घालून तो मागें रेटला आणि पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणून बोल्ट आंवळले. आवाज बंद झाला. आम्हांस आपल्या कसबाचा मोठा अभिमान वाटला.

स्पर्धेच्या दिवशीं त्या चार मुलांस घेऊन आम्ही वाईहून पसरणीच्या घाटास लागलों. निम्मा घाट चढतों न चढतों तोंच पुढून खरखर ऐकूं आली, उष्णतेचा कांटा वर चढला आणि बॉनेटच्या फटींतून वाफ निघूं लागली. अति ताणलेला पट्टा रात्रंदिवस पंपाच्या दांड्यास एका अंगास ओढीत होता; त्याची बेअरिंग गेली आणि पाणी वाहून गेलें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडणें धोक्याचें, म्हणून मुलांस लांब उभें करून आम्ही गाडी निवण्याची वाट पाहत बसलों. अखेर एका मालमोटारीनें मुलांस वर नेलें, तेव्हां स्पर्धा आटोपली होती. सर्व वेळ तो गिरणीवाल्याचा मुलगा कठड्यापाशीं उभा राहून मनांतल्या मनांत आपलें भाषण म्हणत होता. "मी सांगितलं होतं," असें तो एकदांहि म्हणाला नाहीं. तो म्हणाला असता तर आम्हांस बरें वाटलें असतें.

मिस्त्रीनें पंप बदलला. दुसऱ्या रविवारीं आम्हीं त्या मुलास त्याच्या वडिलांसह घरीं बोलावलें. इंजिन बंद करून किल्ली खिशांत घातली, बॅटरीची तार सोडली. कारण आल्टर्नेटरच्या एका तारेंत नेहमींच वीज असते. मग मुलानें आमची पोलादी पट्टी पुलींच्या तोंडांवर आडवी धरली. इंजिनाची व पंपाची पुली पट्टीस चिकटली. आल्टर्नेटरची एक सूत मागें राहिली. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग! नवें यंत्र जुन्या जागीं बसवतांना ही चूक राहून गेली होती, आणि वांकडा शिरणारा पट्टा पहिल्या दिवसापासून तीच तक्रार करीत होता. आम्हीं आल्टर्नेटरच्या कानामागें वॉशर घातले, तो एक सूत पुढें आला आणि तिन्ही पुली एका रेषेंत आल्या. जुना पट्टा कुशींस कांचेसारखा गुळगुळीत झाला होता. तो टाकून नवा घातला. गिरणीवाल्यांनीं आम्हांस बजावलें, "मास्तर, टॉमी पुलीकडच्या बाजूला लावा, मधल्या ॲल्युमिनियमवर जोर दिला तर तडकेल." ताणावयाचें तेंहि इतकेंच कीं, सर्वांत लांब पदराच्या मध्यावर अंगठ्यानें दाबलें असतां पट्टा सुमारें अर्धा इंच लवावा. गाडी सुरू केली. आवाज नव्हता, आणि ह्या वेळीं त्या शांततेस कारण होतें.

दुसऱ्या दिवशीं नववीच्या वर्गांत आम्हीं ही गोष्ट सर्वांसमक्ष सांगितली व त्या मुलाची क्षमा मागितली. तो लाजून खालीं पाहूं लागला. पुढें त्यानें आपलें भाषण शाळेच्या संमेलनांत केलें व तें उत्तम वठलें. परंतु पांचगणीचें व्यासपीठ त्या वर्षीं हुकलें तें हुकलेंच.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकीं कोणाचे वडील गिरणी चालवतात, कोणाचे शेती करतात, कोणाची आई शिवणयंत्र चालवते. तेथें जें पाहाल तें ज्ञानच आहे, शिक्षकानें एकदां हंसण्यावारी नेलें म्हणून तें खोटें ठरत नाहीं, पुन्हां सांगा. आणि पालकहो, घरांतील एखादें मूल वारंवार कुरकुर करूं लागलें, तर आमच्याप्रमाणें आधीं साबण व मग टॉमी हातीं घेऊं नका. कोठें तरी एक सुताचा फरक असेल, तो पट्टी लावून पाहा. आम्ही आतां महिन्यांतून एकदां बॉनेट उघडून पट्टा अंगठ्यानें दाबून पाहतों. वर्गांत कोणी कांहीं बोलूं लागला तर खडू खालीं ठेवून ऐकण्याचा प्रयत्न करतों. पहिलें काम सोपें आहे. दुसरें अद्याप शिकतों आहों.