हाहोए गांवची ऊब

थंडीच्या देशांत म्हातारपणीं जावें काय, असा प्रश्न स्नेह्यांनीं आम्हांस पुष्कळदां विचारला. परंतु चिरंजीव नोकरीनिमित्त कोरियाच्या सेऊल शहरीं राहतात, आणि नातवाचें तोंड पाहण्याची ओढ थंडीच्या भयाहून बलवत्तर ठरली. गतवर्षीं पौषांत आम्ही उभयतां तेथें पोहोंचलों. बाहेर पारा शून्याखालीं उतरलेला. पण पादत्राणें काढून घरांत पाऊल टाकतांच जमीन ऊन लागली! खोलींत शेगडी नाहीं, धूर नाहीं. चौकशी करतां कळलें कीं, जमिनीच्या पोटांत नळ्या घातल्या असून त्यांतून ऊन पाणी खेळत असतें.

या युक्तीचें मूळ रूप दिसावें म्हणून चिरंजीवांनीं आम्हांस आन्दोंगनजीकच्या हाहोए गांवीं नेलें. नाकदोंग नदी या गांवास वळसा घालून जाते; गांवाच्या नांवाचा अर्थही तसाच आहे. २०१० सालीं युनेस्कोनें या गांवाचा जागतिक वारशांत समावेश केला. ज्या जुन्या घरीं आम्ही उतरलों, तेथें अजून लाकडें जाळून जमीन तापवितात. या पद्धतीस 'ओन्दोल' म्हणतात.

रचना मोठी शहाणपणाची आहे. खोलीबाहेर, जोत्याच्या पायथ्याशीं चुलीचें तोंड असतें. जमिनीखालीं धुरासाठीं वाटा, त्यांवर चपटे दगड, दगडांवर मातीचा गिलावा व सर्वांवर तेल पाजलेला कागद. चुलींतील ज्वाळा व धूर या वाटांनीं सरपटत जाऊन पलीकडील धुराड्यांतून बाहेर पडतात. दगड एकदां तापले म्हणजे विस्तव विझल्यावरही कितीतरी वेळ ऊब देतात. मात्र गिलाव्यास भेग पडली तर विषारी वायु खोलींत शिरतो. लाकडांऐवजीं कोळशाच्या वड्या जाळूं लागल्यावर १९६० व १९७० च्या दशकांत पुष्कळ माणसें निजल्या जागीं दगावलीं. पुढें पाण्याच्या नळ्या आल्या आणि तें भय बरेंच ओसरलें.

चुलीजवळची बाजू सर्वांत ऊन असते. ती जागा घरांतील वडील माणसांसाठीं वा पाहुण्यांसाठीं राखण्याची तिकडे रीत आहे. यजमानीणबाईंस आमची भाषा येईना, आम्हांस त्यांची. तेव्हां त्यांनीं जमिनीवर हात थोपटून आमच्या कुटुंबास तेथें बसविलें. गुडघ्यांच्या दुखण्यामुळें जिनें कित्येक वर्षांत जमिनीवर अंथरूण घातलें नव्हतें, ती त्या रात्रीं तेथेंच गाढ निजली.

आम्हांस मात्र झोंप येईना. वडिलांचा शेवटचा हिवाळा आठवला. आमच्या घरीं चुलीमागची माजघराची भिंत रात्रीं उशिरापर्यंत कोमट असे. तिच्याशीं आम्हीं धान्याच्या कणग्या ठेविल्या होत्या, आणि वडिलांची बाज ओसरीवर! 'मला थंडी वाजत नाहीं,' असें ते म्हणत, व आम्हीं तें खरें मानीत आलों. कणग्या हलविण्यास एक दुपार पुरली असती.

आपल्याकडील हवेंत जमिनीखालीं चूल घालण्याचें कारण नाहीं. परंतु आपल्या घरांत उबेची जागा कोणती व तेथें कोण निजतें, हें प्रत्येक गृहस्थानें या हिवाळ्यांत एकदां पाहावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.