जागृत

मराठीत एक भारी शब्द आहे, 'जागृत देवस्थान'. देऊळ जुनं असतं, श्रीमंत असतं, गर्दीचं असतं, त्याचं फारसं काही वाटत नाही. पण 'जागृत' म्हटलं की ऐकणारा जरा सावरून बसतो. म्हणजे तिथे कुणीतरी जागं आहे. आपल्याला ते दिसत नाही, त्याला मात्र आपण दिसतोय. बॅकग्राउंडला एखादी प्रोसेस चालू असावी आणि स्क्रीनवर काहीच नसावं, तसं काहीसं. (उपमा फालतू आहे, मान्य. शुक्रवारी रात्री रिलीज करून आलेल्या माणसाकडून शनिवारी सकाळी एवढंच मिळतं.)

आम्हा नाशिककरांसाठी अशी जागा म्हणजे वणीचा गड. साडेतीन पीठांपैकी अर्धं. कड्याच्या कपारीत सप्तशृंगी उभी आहे, अठरा हातांची, मान जराशी कललेली. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पुराण सांगतात आणि ती ते ऐकते, अशी समजूत. खानदेशातून लोक उन्हातान्हात चालत येतात तिच्याकडे.

माझे बाबा पक्के नास्तिक. दरवर्षी आम्हाला गडावर घेऊन जायचे आणि स्वतः खाली चहाच्या टपरीवर पेपर वाचत बसायचे. पुढे त्यांची बायपास झाली. ते अजून आयसीयूमध्ये होते आणि आत्या कॉरिडॉरमध्ये आईला म्हणाली, "वहिनी, देवीचं काहीतरी राहिलंय तुमच्याकडून." आई काही बोलली नाही. पण पुढचे कित्येक महिने ती जुन्या वह्या काढून कुठल्या वर्षी ओटी भरायची राहिली ते शोधत होती. माझा त्या भीतीवर राग आहे, अजूनही. ती देवाची भीती नाहीच मुळी, ती थकबाकीची भीती. अमुक दिलं नाही म्हणून तमुक झालं. दसऱ्याचा गडावरचा बोकडबळी प्रशासनाने २०१७ मध्ये बंद केला, २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने अटी घालून परत परवानगी दिली. त्यावर आमच्या नातेवाइकांत जे वाद झाले, तेही सगळे याच हिशोबाचे. असो.

पण दुसरी एक भीती असते. ती मला २०२२ मध्ये पहिल्यांदा नीट कळली.

त्या वर्षी जुलैपासून काही काळ देऊळ दर्शनाला बंद होतं. मूर्तीवर वर्षानुवर्षं साचलेला शेंदराचा थर काढायचं काम चालू होतं. थर म्हणजे किती, तर एक टनाहून जास्त! आतून दगडात कोरलेलं मूळ रूप बाहेर आलं. सप्टेंबरमध्ये फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागले. मी उत्साहाने आईला फोन पुढे केला, तर तिने तो माझ्या हातातून घेऊन टेबलावर पालथा घातला.

"असं नाही बघायचं रे."

"अगं, पण तीच आहे ना?"

"तीच आहे, म्हणूनच."

मी हसलो. पण मग एकट्याने फोटो उघडताना माझं बोट क्षणभर थांबलं, हेही खरं. लहानपणापासून जिच्यापुढे डोळे मिटून उभे राहिलो, ती त्या शेंदराच्या आत होती. तिचा चेहरा आपण कधी पाहिलाच नव्हता. तिने मात्र...

रुडॉल्फ ओटो नावाच्या जर्मन पंडिताने १९१७ च्या त्याच्या पुस्तकात या भीतीला वेगळं काढलंय. वाघाची भीती वेगळी आणि ही वेगळी, असं त्याचं म्हणणं. ही अंगावर काटा आणते आणि त्याच वेळी ओढूनही घेते. मला विचाराल तर आपल्याकडे गीतेच्या अकराव्या अध्यायात हे आधीच येऊन गेलंय. अर्जुन स्वतःच विश्वरूप दाखव म्हणतो आणि दिसल्यावर थरथरत विनवतो, की बाबा, तुझं आधीचं रूपच बरं होतं. आणि मराठीत तर यासाठी शब्दच आहे, धाक. भीती वाटते त्यापासून माणूस पळतो. धाक वाटतो त्याच्या घरी दरवर्षी जातो.

२०२३ च्या चैत्रोत्सवात आईला घेऊन गडावर मुक्काम केला. पौर्णिमेच्या आदल्या रात्री शिखरावर निशाण लागतं. तो मान दरेगावच्या गवळी पाटलांचा. त्या सुळक्यावर जायला धड वाट नाही, आणि माणूस अंधारात एकटा वर जातो. त्याला चढताना बघायचं नाही, असं आम्हाला लहानपणी सांगितलेलं. बघितलं तर काय होतं, हे कुणी सांगत नसे.

रात्री लाइट गेले. खाली हजारो माणसं, ढोल, 'अंबे माते'चा गजर, आणि वर नुसता काळा कडा. माझ्या खिशात चांगला झूम असलेला फोन होता. आई म्हणाली, "आत चल." बाबा असते तर म्हणाले असते, बघ की, काय होतंय! मी खिडकीपाशी उभा होतो, कड्याकडे पाठ करून. मान वळवायला अर्धा सेकंद लागला असता. मानेवर कुणीतरी बघत असल्यासारखं वाटत होतं, आणि खरं सांगू, तिथून हलावंसंही वाटत नव्हतं.

पहाटे आईने उठवलं. वर निशाण फडकत होतं.