ऑइल बघितलंस का?

आजोळच्या विहिरीवर किर्लोस्करचं ऑइल इंजिन होतं. एका सिलिंडरचं, अंगानं जाडजूड. सांगलीकडच्या आमच्या भागात अशी इंजिनं शिवारोशिवार होती आणि उन्हाळ्यात पहाटे कुणाचं पाणी सुरू झालं हे त्यांच्या टुकटुकीवरून ओळखता यायचं. आजोबा हँडल मारायच्या आधी ऑइलची पट्टी ओढून बाहेर काढत, खोपीतल्या खिळ्याला अडकवलेल्या फडक्यानं पुसत, परत आत घालत, परत काढत आणि उजेडाकडे धरून बघत. मग डबा उचलायचा की नाही ते ठरायचं. आम्हा पोरांना हा निव्वळ वेळकाढूपणा वाटे. पाणी पाटात कधी येतंय याची आम्हाला घाई. पुढे वीज आली, मोटर बसली, इंजिन खोपीतच राहिलं. आजोबा गेल्यावर ते विकलं, तेव्हा घेणाऱ्यानं हँडलच्या दुसऱ्या फेरीला ते चालू करून दाखवलं होतं. या गोष्टीचा आमच्या घरात पुन्हा कधी कुणी उल्लेख केल्याचं मला आठवत नाही.

मामाच्या पद्मिनीचा मात्र उल्लेख झाला नाही असं लग्नकार्य आमच्यात नाही. मामा याच आजोबांचा मुलगा. नोकरीला मुंबईत गेला आणि ऐंशीच्या दशकात त्यानं जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. नवी मिळायला तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. ही गाडी म्हणजे मूळची इटलीची फियाट अकराशे. १९६४ पासून ‘डिलाइट’ म्हणून ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागली आणि १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, साधंसुधं इंजिन. मामा दर रविवारी गाडी धुवायचा, पॉलिश करायचा, दसऱ्याला हार घालायचा. बॉनेट उघडणं मात्र त्याला पटायचं नाही. ‘चालतंय त्याला हात लावू नये’ हे त्याचं तत्त्व, आणि ते त्यानं गाडीपुरतंच पाळलं असंही नाही; त्याच्या रक्तदाबाबद्दल मामीला विचारावं.

एकदा खंबाटकी घाटात त्याच्या डॅशबोर्डवरचा ऑइलचा तांबडा दिवा लुकलुकायला लागला. वळण आलं की पेटायचा, सरळ रस्ता लागला की विझायचा. मी मागे बसले होते, वयानं एवढी मोठी होते की काहीतरी बिघडलंय हे कळावं आणि एवढी लहान की बोलू नये. मामा म्हणाला, ‘वायर लूज आहे.’ साताऱ्याला चहाला थांबलो तेव्हा त्यानं डॅशबोर्डखाली हात घालून ती वायरच काढून टाकली. मग दिवा पेटायचा प्रश्नच मिटला. आम्ही सांगलीला सुखरूप पोचलो, परतही आलो, आणि ‘इंजिनात थेंबभर ऑइल नसताना तीन घाट काढले’ हा किस्सा जन्माला आला. दर खेपेला सांगताना घाटांची संख्या वाढत गेली.

गाडी का वाचली, हे मला पुढे इंजिनिअरिंगला असताना समजलं. तो दिवा तेल किती आहे हे सांगतच नाही. तो दाब सांगतो. तेल इंजिनाच्या तळाशी, संपमध्ये असतं आणि पंपाची जाळी त्या तळाच्या अगदी जवळ बुडालेली असते. वरचं निम्मं तेल संपलं तरी जाळी बुडालेली आहे तोवर पंपाला फरक कळत नाही. दाब तोच, दिवा शांत. मग एक दिवस गाडी वळणावर कलते, उरलेलं तेल एका बाजूला सरकतं, पंप क्षणभर हवा ओढतो आणि दिवा लुकलुकतो. म्हणजे दिवा लागतो तेव्हा ती पूर्वसूचना नसते. वेळ उलटून गेलेली असते, फक्त पुरती नाही.

पण त्या क्षणभरातही इंजिन जाम का होत नाही? १८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसांची बेअरिंग तपासत होता. आस खाली तेलात बुडालेला फिरायचा आणि वर बेअरिंग. त्यानं वरून तेल सोडायला बेअरिंगला एक भोक पाडलं, तर त्यातून तेल आत जायच्याऐवजी बाहेरच उसळायला लागलं. त्यानं बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकून निघाली. दाबमापक लावला तेव्हा दिसलं की बेअरिंगवरच्या वजनाचा सरासरी दाब जेवढा, त्याच्या दुपटीहून अधिक दाब त्या तेलाच्या पापुद्र्यात होता. फिरणारा आस तेलाला स्वतःच अरुंद फटीत ओढून नेतो आणि त्या तेलावर तरंगतो. तीन वर्षांनी ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं त्याचं गणित मांडलं. आजही पेट्रोल-डिझेलच्या जवळजवळ प्रत्येक गाडीचा क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य आस, असाच तरंगत फिरतो. धातूला धातू लागत नाही, पापुद्रा काही मायक्रॉनचाच असला तरी. मला ही गोष्ट पाठ्यपुस्तकात वाचताना त्या लाकडी खुंटीचं फार हसू आलं होतं आणि मग एकदम मामाची गाडी आठवली.

त्यात आणखी एक सोय. बेअरिंगचं अस्तर मुद्दाम मऊ धातूचं करतात. घाणीचा कण आला तर तो अस्तरात रुतून बसावा, क्रँकला ओरखडा पडू नये. तेल क्षणभर तुटलं तर आधी झिजावं ते स्वस्त अस्तरानं. जुन्या इंजिनांत हे सगळं सढळ हातानं दिलेलं असे. बिडाचा जाड ब्लॉक, फटी ऐसपैस, फेरे कमी, आणि अकराशे सीसीतून अश्वशक्ती चाळिसाच्या आसपास. म्हणजे इंजिनाला त्याच्या ताकदीच्या मानानं काम थोडंच. मामा ज्याला नशीब म्हणायचा, ते कुणातरी डिझायनरनं ड्रॉइंग बोर्डवर आधीच बाजूला काढून ठेवलेलं होतं. मामा ते खर्चत होता.

माझी पहिली गाडी मारुती ८००. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. रविवारी सकाळी गार इंजिनाची पट्टी काढून पुसून बघायची सवय मला कुणी लावली नाही, आपसूकच लागली. पेट्रोलपंपावरची मुलं आधी माझ्याकडे आणि मग आमच्या ह्यांच्याकडे बघत. या गाडीबद्दल मला सांगण्यासारखं काहीच नाही. ती कधी घाटात बंद पडली नाही, तिनं धूर टाकला नाही, गेली तीही धडधाकट. पाहुण्यांत गाड्यांचा विषय निघाला की मामाला ऐकायला सगळे जमत, मी चहा टाकायला जात असे. निष्काळजीपणाचा किस्सा होतो. काळजीचा काय होणार?

अमेरिकेत अर्व्ह गॉर्डन नावाचे एक शिक्षक होते. त्यांच्या १९६६ सालच्या व्हॉल्व्होनं २०१३ मध्ये तीस लाख मैलांचा टप्पा ओलांडला. एकाच मालकानं एवढं चालवलेल्या दुसऱ्या खासगी गाडीची नोंद नाही. त्यांचं गुपित काय, तर वेळच्या वेळी तेल बदलणं आणि पुस्तिकेत लिहिलंय तसं वागणं. मी ही बातमी मामाला वाचून दाखवली. तो म्हणाला, ‘हौशी माणूस दिसतोय.’

मुंबईच्या टॅक्स्यांचं उदाहरण मामा नेहमी द्यायचा. ‘त्यांचं कोण बघतं? तरी पळतात ना?’ यात दोन गोष्टी त्याच्या लक्षात येत नसत. एक म्हणजे ज्या पळत नव्हत्या त्या त्याला रस्त्यावर दिसणारच नव्हत्या. त्या बघायला कुर्ल्याला सीएसटी रोडच्या भंगारबाजारात जावं लागलं असतं. ज्या कुर्ल्यात पद्मिनी जन्मली तिथेच सुटी होऊन पडलेली. दुसरी म्हणजे दोन-दोन ड्रायव्हरांच्या पाळीत अखंड धावणारी टॅक्सी इंजिनाला उलट सोसते. इंजिन पुरतं तापलं की तेलात उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जातं. बाधते ती मामाची तऱ्हा. रविवारी दादरहून चौपाटी, भेळ, परत घर. इंजिन धड तापतच नाही, पाण्याची वाफ तेलात मिसळते आणि झाकणाच्या आत पिवळट मळी धरते. टॅक्स्यांना शेवटी इंजिनानं नव्हे, कॅलेंडरनं गाठलं. ताडदेव आरटीओत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीला २०२३ च्या ऑक्टोबरात वीस वर्षं पुरी झाली आणि नियमाप्रमाणे ती थांबली.

मामा त्याआधीच गेला. गाडी इमारतीच्या मागच्या बाजूला ताडपत्रीखाली होती. जुन्या पद्मिनींना आता हौशी लोक शोधत फिरतात, म्हणून मामेभावानं, म्हणजे दादानं, ती पुन्हा उभी करायचं ठरवलं. मी हौसेनं त्याच्याबरोबर गॅरेजात गेले. मिस्त्री तेच, मामाच्या वेळचे. आता सत्तरी उलटलेले, हाताखाली नातू. दादानं आल्या आल्या घाटाचा किस्सा सांगितला. या खेपेला घाट पाच होते.

मिस्त्रींनी काही न बोलता इंजिन उतरवलं, खोललं आणि एकेक भाग रॉकेलनं धुऊन फळीवर मांडला. क्रँक खरोखर बरा होता. बेअरिंगचं मऊ अस्तर जाऊन खालचं तांबूस दिसत होतं, बेअरिंगात फिरणाऱ्या जर्नलवर रेघा होत्या, पण ग्राइंडिंग करून, अंडरसाइज बेअरिंग टाकून चालण्यासारखा. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमची मात्र टोकं गोल झाली होती. तिथं क्रँकसारखा तरंगता पापुद्रा टिकत नाही. तिथला आधार म्हणजे तेलात मिसळलेलं जस्त आणि स्फुरदाचं संयुग, आणि तेल म्हातारं झालं की ते सरतं. पिस्टनच्या रिंगा कार्बननं खाचेत चिकटून बसल्या होत्या. संपच्या तळाशी मळीचा थर, त्यात जाळी निम्मी बुजलेली.

मला मामाचं गाडी चालवणं आठवलं. शेवटी शेवटी तो साध्या चढालाही दुसरा टाकायचा. मागून निळा धूर यायचा, ॲव्हरेज पडलं होतं, आणि तो म्हणायचा की हल्ली पेट्रोलच भेसळीचं मिळतं. इंजिन एका दिवसात बंद पडलं असतं तर त्याला कळलं असतं. ते वर्षाला थोडं थोडं जात राहिलं आणि मामा त्याच्याबरोबर थोडं थोडं जुळवून घेत राहिला. याला आम्ही सगळे इंजिन टिकलं म्हणत होतो.

‘पण तेलाशिवाय एवढं टिकलं, हे तरी मानाल की नाही?’ दादानं विचारलं.

‘तेलाशिवाय कोण म्हणतं?’ मिस्त्री म्हणाले. ‘पंक्चरला आले, कार्बोरेटरला आले, हॉर्नला आले, की मी अर्धा-पाऊण लिटर टाकायचो. ऑइल सांगितलं तर पैसे देत नव्हते. म्हणून बिलात “इतर” लिहायचो. त्याच्यावरूनही भांडायचे, पण द्यायचे.’

तेल खाणाऱ्या इंजिनाचं असंच असतं. जळालेल्याच्या जागी ताजं पडत गेलं की निदान काही अंशी ते बदललं जातंच. मामाच्या इंजिनाचं आयुष्य त्या ‘इतर’मध्ये होतं. दादा जरा हिरमुसला. किस्सा हातचा गेला होता.

नातू तोवर मोबाइलवर कॅमची किंमत शोधत होता. मी त्याला विचारलं, हल्लीच्या गाड्यांचं कसं? तो म्हणाला, ‘हल्लीचं ऑइल लई भारी, मावशी, पाण्यासारखं पातळ, दहा-दहा हजार किलोमीटर जातं. पण कमी पडलेलं नाय चालत. टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फिरतो, व्हॉल्व्हचं टायमिंगसुद्धा ऑइलच्या प्रेशरवर. आणि काही गाड्यांना पट्टीच नाय, स्क्रीनवर बघायचं. कोण बघतंय?’

इंजिन जुळायला बरेच दिवस गेले. क्रँक घासून आला, कॅम कुर्ल्यातून मिळाला, रिंगा नव्या पडल्या. चालू केलं तेव्हा आवाज असा गोड होता की दादानं लगेच व्हिडिओ काढला. मग त्यानं विचारलं, ‘आता किती वर्षं बघायला नको?’

मिस्त्री हात पुसत होते. ‘पाचशे किलोमीटर झाले की पहिलं ऑइल बदलायला आणा,’ म्हणाले. ‘आणलंत तर सांगतो.’