बुधवारचे आठ वाजले की...



फेब्रुवारी २०२४ चा तो आठवडा आपल्यापैकी कोणीच विसरणार नाही. १८ तारखेला डोंगरगडच्या चंद्रगिरीवर आचार्यश्री विद्यासागर महाराजांची समाधी झाली. रामटेकला त्यांचे किती चातुर्मास झाले, आपण किती वेळा पंगतीला वाढलं, चौका लावला! आमच्या कन्हानच्या घरी तीन दिवस टीव्ही लावला तो फक्त त्याच बातम्यांसाठी. बाकी वेळ णमोकाराचा जाप.

बुधवारी सकाळी त्याच टीव्हीवर खालच्या पट्टीत एक ओळ सरकत गेली. अमीन सयानी गेले. आदल्या दिवशी, मुंबईत, वयाच्या ९१ व्या वर्षी. मी मटार सोलत होते. हात थांबला आणि डोळ्यांना धार लागली.

सूनबाई म्हणाली, "आई, महाराजजींची आठवण आली का?"

मी मान हलवली. खोटीच.

दिवसभर ते टोचत राहिलं. ज्या आठवड्यात एवढे मोठे तपस्वी गेले, त्या आठवड्यात मी रेडिओवरच्या माणसासाठी रडले, आणि वर ते लपवलं. हा मोह नाही तर काय?

माझं माहेर रामटेकचं. बाबांचं किराणा दुकान. आपल्याकडे जेवण सूर्यास्ताच्या आत, त्यामुळे आठ वाजेपर्यंत भांडी घासून, ओटा पुसून सगळं आटोपलेलं असायचं. शेजारच्या काकू मात्र पोळ्या अर्धवट टाकून पळत यायच्या. बुधवारी आठला रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला'! आवाज कधी जवळ यायचा, कधी खरखरत लांब जायचा. दादा सुई हळूच फिरवायचा आणि आम्ही श्वास रोखून बसायचो. गंमत म्हणजे घरात बिनाकाची ट्यूब कधी आली नाही. आमचे दात माकडछाप काळ्या पावडरीनेच घासले जायचे.

हा कार्यक्रम १९५२ च्या डिसेंबरात सुरू झाला. आकाशवाणीवर तेव्हा सिनेमाच्या गाण्यांना फारसा थारा नव्हता. ध्वनिमुद्रण मुंबईत व्हायचं, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून आवाज आमच्या माजघरात. रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांची पसंती पाहून गाण्यांचे क्रमांक लागायचे. पायरीला ते 'पायदान' म्हणायचे. पुढे विविध भारतीवरही गीतमाला आली.

पण मला गाण्यांपेक्षा त्यांची हाक आवडायची. "बहनो और भाइयो!" आधी बहीण, मग भाऊ. मैत्रिणींनो, आपल्या लहानपणी आधी मुलींचं नाव कोण घेत होतं? ताट आधी भावाचं, नवं पुस्तक आधी भावाचं. हा एक माणूस दर बुधवारी आम्हाला आधी हाक मारायचा. पुढे वाचलं की त्यांच्या आई कुलसुम सयानी प्रौढ शिक्षणाचं काम करायच्या. नवसाक्षरांसाठी 'रहबर' नावाचं पाक्षिक सोप्या हिंदुस्तानीत, देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढायच्या. अमीनजी लहानपणी त्या कामात मदत करायचे. सगळ्यांना कळेल असं बोलायचं, हे वळण घरचंच होतं.

मी एक वही केली होती. या आठवड्याचा क्रमांक, मागच्या आठवड्याचा, किती वर, किती खाली. एकदा ती बाबांच्या हाती लागली. आता मार बसणार म्हणून मी दाराआड उभी. बाबांनी पानं उलटली आणि आईला म्हणाले, "आकडे सरळ मांडते पोरगी. हिला कॉमर्सला घालू." १९८१ साली मी बी.कॉम. झाले. नोकरी केली नाही, पण घरचा हिशोब आजवर चुकला नाही.

पर्युषणाचे दहा दिवस आई रेडिओवर कापड झाकून ठेवायची. त्या बुधवारचे रकाने कोरे राहणार म्हणून मी हिरमुसायची. पण पर्युषण संपून वही उघडली, की रकाने भरलेले असायचे, दादाच्या वाकड्यातिकड्या अक्षरात. शेजारच्यांच्या खिडकीखाली उभा राहून तो क्रमांक ऐकून यायचा. "तुला पाप नको, मी घेतो," म्हणायचा.

त्याच दादाशी मी अकरा वर्षं बोलले नव्हते. बाबा गेल्यावर घराच्या वाटणीवरून शब्द वाढले. चूक कोणाची हे आता लिहीत नाही. दर वर्षी क्षमावाणीला सगळ्या गावाची क्षमा मागायची आणि तासाभरावरच्या सख्ख्या भावाची नाही, असं माझं चाललं होतं.

त्या संध्याकाळी सामायिकाला बसले, पण मन ठरेना. शास्त्रात वचन कसं असावं सांगितलंय? हित, मित, प्रिय. रेडिओवरचा तो माणूस आपल्या धर्माचा नव्हता, पण मी लहानपणी रोज ऐकलेल्या आवाजांत हित-मित-प्रिय बोलणारा तोच होता. आणि सगळं पाठ असलेली मी, भावाशी काय बोलले होते? रडू त्याचं होतं. अमीनजींचं कमी, त्या कोऱ्या रकान्यांचं जास्त.

उठून दादाला फोन लावला. घड्याळात आठ वाजून गेले होते. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "ऐकलं काय वं? अमीनभाई गेले."

"म्हणूनच फोन केला," मी म्हटलं.

"ती वही आहे काय?"

"आहे."

घराचा विषय निघाला नाही. तो अजून तसाच आहे, सुटेल तेव्हा सुटेल. पण त्या रात्री मी सूनबाईला खरं सांगितलं, की सकाळी मी कोणासाठी रडले. ती हसली नाही. म्हणाली, "मग फोन तर महाराजजींनीच लावायला लावला असेल." असेलही.

आता दादाचा फोन येतो. वार ठरलेला नाही, पण बहुतेक वेळा बुधवारच निघतो.

तुमचाही एखादा रकाना कोरा असेल, तर पुढच्या क्षमावाणीची वाट बघू नका. उत्तम क्षमा.