नटासोबत स्क्रूही पाठवा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं जॉबवर्कचं छोटं शेड आहे. गेल्या पावसाळ्यात एक गिऱ्हाईक जुन्या विलायती लेथच्या क्रॉस स्लाइडचा स्क्रू आणि दोन नट घेऊन आलं. पहिला नट मूळचा, आतले आटे झिजून सुरीच्या धारेसारखे झालेले. दुसरा नवाकोरा, बाहेरून कुठूनतरी करून आणलेला. तो तीन-चार आटे चढायचा आणि गच्च अडकायचा.

"चौकोनी आटे आहेत, नीट पाडून द्या," एवढीच ऑर्डर. आटे चौकोनी नव्हतेच, बाजू उतरत्या होत्या. खऱ्या चौकोनी आट्यात घर्षण कमी, पण तो पाडायला किचकट आणि झिजला की प्ले काढायची सोय नाही. उतरत्या बाजूंचा आटा मुळाशी रुंद म्हणून दणकट, शिवाय लेथचा हाफ नट त्यात सहज बसतो. म्हणून लीडस्क्रूपासून व्हाइसपर्यंत सगळीकडे हाच दिसतो.

आमच्या पोराने व्हर्नियर लावला. बाहेरचा व्यास २५.३, पिच ५. म्हणाला, टीआर २६ × ५ (मेट्रिक ट्रॅपिझॉइडल) असणार, झिजलाय. अडकणारा नट करणाऱ्यानेही बहुधा हाच हिशेब केला असावा.

मामा, आमचे जुने टर्नर, स्क्रूकडे न बघता गिऱ्हाइकाला म्हणाले, "हँडलाच्या डायलवर घरं किती हायती?"

गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं. दोनशे.

तिथेच उलगडा झाला. दोनशे घरं म्हणजे एका फेऱ्याला दोनशे थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे इंचाला पाच आटे. मग दहा आट्यांवर माप घेतलं तर ५० नव्हे, ५०.८ मिलिमीटर भरलं. हा १ इंची, पाच आट्यांचा अ‍ॅक्मे. एका आट्याला ०.०८ चा फरक एकट्याने कळत नाही. पण प्रत्येक आट्याला तो साचत जातो, आणि आट्यांतली सैल जागा संपली की नट अडकतो. कोनातही फरक असतोच: मेट्रिक टीआरचा ३० अंश, अ‍ॅक्मेचा २९. तो डोळ्यांना दिसणार नाही, त्याला गेजच हवं.

आणखी एक भानगड होती: आटा डावा. अशा लेथमध्ये स्क्रू जागेवर फिरतो, नट स्लाइडला बांधलेला असतो. हँडल उजवीकडे फिरवल्यावर टूल पुढे जावं म्हणून आटा डावा ठेवतात.

गनमेटलचा तुकडा २०.३ ला बोअर केला. आमच्या जुन्या लेथचा लीडस्क्रू इंचाला चार आट्यांचा, त्यामुळे चार-पाचच्या गिअरवर काम भागलं. मेट्रिक लीडस्क्रू असता तर १२७ दातांचा गिअर शोधत बसलो असतो. टूल अ‍ॅक्मे गेजवर घासून दोन्ही बाजूंना साडेचौदा अंश दिले. डावा आतला आटा पाडायला टूल चकच्या बाजूने आत सोडून बाहेर ओढत आणतात. यात एक सुख आहे: टूल चकवर आदळायची भीती नाही. शेवटचे कट मामांनी स्क्रू घालून बघत बघत घेतले. नट चढला, शेवटपर्यंत गेला, आणि हाताला प्ले लागला नाही.

मापांचे तक्ते आयएस ७००८ मध्ये आहेत, पण ते मेट्रिक टीआरचे. विलायती यंत्राला ते लावू नका. ऑर्डर लिहिताना व्यास, पिच, डावा की उजवा आणि एक सुरुवात की दोन, हे चारही लिहा. टीआर ४० × १४ पी ७ असं दोन सुरुवातींचं असेल तर पिच ७ असली तरी एका फेऱ्यात नट १४ मिलिमीटर सरकतो. तिथे पिचवर नट केला की तो भंगारातच जाणार. हे लिहिता येत नसेल तर जुना नट एकटा पाठवू नका. स्क्रूही पाठवा, आणि डायलवरची घरं मोजून चलनावर लिहा.