फवारणीनंतर वाचलेला सिंक्लेअर

अप्टन सिंक्लेअरला मी बरीच वर्षं लेखकच मानत नव्हतो. ‘द जंगल’ ही त्याची १९०६ची कादंबरी म्हणजे माझ्या लेखी प्रचारपत्रक: मजुरीचे दर, कामाचे तास, आजार आणि शेवटी समाजवादावरची भाषणं. वर्गात मी ती दोन वाक्यांत निकालात काढायचो. कष्टाचा हिशेब मांडणारं लेखन मला कमअस्सल वाटायचं. कापसाच्या जिल्ह्यात राहून असं वाटावं, याची आज लाज वाटते.

२०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती. पाठीवर पंप, तोंडाला फार तर दुपट्टा, आणि फवारा वाऱ्याने उलटा अंगावर. बातमी वाचून माझ्या मनात पहिला विचार आला तो घरात येणाऱ्या भाजीचा. तिच्यावर काय मारत असतील? माणसांचा विचार त्यानंतर आला. बऱ्याच वेळाने आला.

तेव्हा सिंक्लेअर आठवला. १९०४ साली शिकागोच्या कत्तलखान्यांच्या वस्तीत तो सात आठवडे राहिला, तो तिथल्या कामगारांसाठी. त्यातून लिहिलेलं ‘द जंगल’ वाचून देश हादरला तो मात्र ताटातल्या मांसाच्या धास्तीने. ३० जून १९०६ला अन्नभेसळ आणि मांसतपासणीचे दोन कायदे झाले. कामगारांच्या पदरात त्यातून काही पडलं नाही. नेम काळजावर धरला आणि लागला पोटाला, अशी खंत त्याने स्वतःच बोलून दाखवली होती. शंभरावर वर्षांनी मी त्याच वाचकांत जाऊन बसलो होतो.

पुस्तक पुन्हा काढलं. युर्गिस हा लिथुआनियाहून आलेला मजूर दुसरं काम मिळत नाही म्हणून खतकारखान्यात जातो. भुकटी कातडीत मुरते, डोकं ठणकतं, उलट्या होतात. वासाने ट्राममधली माणसं उठून जातात. तरी दुसऱ्या दिवशी तो कामावर हजर. याच पानाच्या समासात मी कधीकाळी ‘पाल्हाळ’ असा शेरा मारला होता. घरात किती पैसे येतात, किती जातात, हे कळल्याशिवाय तो परत का जातो ते कळणारच नाही. आमच्याकडे फवारणीला निंदणीपेक्षा मजुरी जास्त मिळते, हे मला ठाऊक होतं. त्याचा अर्थ मात्र कधी लावला नव्हता.

शेवटची भाषणं मला अजूनही जड जातात, आणि तसं मी मुलांना सांगतो. पण शिकवायला सुरुवात खतकारखान्यापासून करतो, आणि मजुरीचे आकडे गाळत नाही.