तुताचा रबाब

काश्मीरला पोस्टिंग झाली की बहुतेक जण अक्रोडाच्या लाकडावरचं कोरीवकाम घरी पाठवतात. मला हवा होता रबाब. तो तुताचा. रेशमाच्या किड्यांना ज्याचा पाला घालतात, तेच झाड.

मी मिरजेचा, तंबोरे घडताना बघतच वाढलो. आमच्याकडे वाळवलेला भोपळा कापून त्याला लाकडाची तबली आणि दांडी जोडतात. इथे जोडकाम थोडं. पोट आणि मान तुताच्या एकाच ओंडक्यातून कोरायची, आतून पोखरायची, पोटावर बकरीचं कातडं ताणायचं. लाकूड ओलं असेल तर नंतर ते आकसतं, पिळवटतं, तडकतं. सगळी मेहनत फुकट.

कॅम्पच्या खालच्या गावात एक चाचा हे काम करायचे. पोरगा टॅक्सी चालवतो, रंध्याला हात लावत नाही. अंगणातला म्हातारा तूत पडला, त्याचा एकच जाड ओंडका शिल्लक होता. मी आगाऊ पैसे पुढे केले. "फौजी साहब, अभी कच्ची है," म्हणाले, आणि बोटाच्या पेराने ठोकून दाखवलं. ठप्प. शेजारचा वाळलेला तुकडा ठोकला, टण्ण वाजला. अजून दोन हिवाळे तरी लागतील म्हणे. आमच्या बदलीचं तर सहा महिन्यांचंही खरं नसतं.

नोव्हेंबरात ऑर्डर आलीच. सांगायला गेलो. चाचांनी पैसे तेव्हाही घेतले नाहीत. खडू घेतला, मला गावाचं नाव पुन्हा विचारलं आणि ओंडक्याच्या कापल्या बाजूवर उर्दूत लिहिलं: मिरज.